चमचाभर तूप

मोहोपाड्याच्या कॉलनीत माझ्या शेजारी एक ख्रिस्ती नर्स राहायची. रात्रपाळीहून आली की आधी प्रार्थना, मग स्वतःसाठी गरम पेज आणि वर चमचाभर साजूक तूप. "मीपण देवाचीच हाय ना गं," म्हणायची.

मी तापाने पडले, तेव्हा तिने मला तशीच पेज भरवली. हिचा माझ्यावर जीव आहे, असं मी धरून चालले.

पुढे नळावर तिला शिव्या घालणारी बाई आजारी पडली. तिच्याही उशाशी ही नर्स पेज घेऊन बसली, वर तूप घालून.

"तिलापण?"

"देवाला तीपण माझ्याएवढीच आवडते."

"पण माझ्या पेजेत तूप जास्त होतं ना?"

ती कधी खोटं बोलायची नाही.

"नाय गं," म्हणाली.