पाहुण्यांच्या घरातला ठिय्या

मर्टलचा आवाज त्यांच्या आडरानातल्या आदिवासी वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांवर ओरडत तिनं त्यांना जेवू घातलंय. पण खाणकंपनीच्या बैठकीत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिथं बोलायची तिची धाकटी बहीण. त्या बहिणीचं नाव आता कुणी घेत नाही, गेलेल्या माणसाचं घ्यायचं नसतं. आपणही तिला धाकटीच म्हणू.

कंपनीनं पश्चिमेचा डोंगर लोखंडासाठी मागितला, तेव्हा म्हातारी माणसं दोन दिवस झाडाखाली बसून होती. शेवटी होकार देताना धाकटीनं एकच गोष्ट मागून घेतली, वस्तीत डायलिसिसचं यंत्र. मूत्रपिंडं गेली की इथल्या माणसाला सहाशे किलोमीटरवरच्या शहरात जाऊन राहावं लागतं. आठवड्यातून तीनदा दंडात सुया, आणि बाकीचे दिवस परक्या भिंतींकडे बघत बसणं. परत येतात ते बहुतेक शवपेटीतूनच.

वर्षभरात धाकटीलाच ते दुखणं लागलं आणि तिला शहरात नेलं.

कंपनीनं शब्द पाळला, म्हणजे इमारत बांधली. चार खुर्च्या आणल्या, दोन यंत्रं आणली, भिंतीवर बायकांकडून चित्र काढून घेतलं. उद्घाटनाला धाकटीला विमानानं आणलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं, हातात कात्री दिली. ती हसली, फोटो निघाले. मर्टलनं निखाऱ्यात कांगारूची शेपटी भाजून ठेवली होती. धाकटीला चार घासही खाऊ दिले नाहीत, विमानाची वेळ झाली म्हणे. नर्स नव्हती ना! यंत्र चालवणार कोण? नव्याकोऱ्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही आणि धाकटी आली तशी शहरात परत गेली.

चौदा महिन्यांनी ती तिथंच वारली.

दफन होऊन दोन महिने झाले नसतील, तोच कंपनीचा डॅरेन बैठक घ्यायला आला. समाजाशी संबंध राखणं ही त्याची नोकरी. माणूस गोडबोल्या. त्यानं चकचकीत पुस्तिका वाटल्या आणि बायकांनी झटकन माना खाली घातल्या. मुखपृष्ठावर धाकटी होती, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं तसा फोटोही बघायचा नसतो. कात्री हातात धरून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'एकत्र वाटचाल.'

मर्टलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुस्तिका पालथी घातली.

"नर्स का नाही?" तिनं विचारलं.

डॅरेन जरा चपापला. "तो विषय सरकारचा आहे, मर्टल. सरकार नर्स द्यायला तयार आहे, पण तिला राहायला इथं घर नाही. आणि घर बांधणं आमच्या करारात बसत नाही."

"घर नाही?"

"दुर्दैवानं नाही."

 मर्टलनं खिडकीतून समोर पाहिलं. समोर कंपनीचं पाहुण्यांचं घर होतं. तीन खोल्या, प्रत्येक खोलीत एसी. वर्षातून फार तर दहा दिवस तिथं माणूस राहायचा. तिथली झाडलोट मर्टलच करायची, किल्ली तिच्याच कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गादी, किटली आणि पिठाची पिशवी घेऊन त्या घरात शिरली. दुपारपर्यंत आणखी सहा जणी आल्या. त्यातल्या दोघींचे नवरे शहरात त्याच सुयांवर जगत होते.

आधी कंपनीनं लिंडनला पाठवलं. लिंडन मर्टलचा भाचा, अंगात कंपनीचा केशरी शर्ट.

"मावशी, चल गं घरी. माझी नोकरी जाईल."

"तो शर्ट काढून आत ये, चहा देते. शर्ट घालून आलास तर पायरीवरच बस."

तो पायरीवरच बसला. पण गेलाही नाही.

मग डॅरेन आला. "मर्टल, पुढच्या आठवड्यात वरचे साहेब येणार आहेत. हे घर पाहुण्यांसाठी आहे."

"पाहुणे कोण आणि घरचे कोण, हे तू मला सांगतोस? माझ्या आजीची हाडं त्या ओढ्याकाठी आहेत. तुझ्या आजीची कुठं आहेत रे?"

"तुझी अडचण मला कळते..."

"काही कळत नाही तुला! माझ्या बहिणीला फोटोपुरतं आणलंत, बाहुलीसारखं बसवलंत आणि मरायला परत पाठवलंत. मेल्यावर तिचं तोंड कागदावर छापलंत. कुणाला विचारलंत? आणि हे घर इथं रिकामं, एसी चालू ठेवून! चौदा महिने, डॅरेन. चौदा महिने मीच याच्या फरशा पुसल्या."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. त्या घरात आपण रोज झाडू घेऊन फिरलो आणि आपल्याला काही सुचलं नाही, हे तिला सगळ्यात जास्त जाळत होतं.

डॅरेननं पोलिसांचं नाव काढलं. बायका हसल्या. एक म्हणाली, "बोलाव की. पोलिसालाही राहायला घर लागेल, ते आहे का विचार."

अकरा दिवस त्या हलल्या नाहीत. साहेब आले, त्यांना खाणीच्या छावणीत पत्र्याच्या खोलीत झोपावं लागलं. बाराव्या दिवशी कागद झाला. घर नर्सला दिलं आणि पुस्तिका सगळ्या परत घेतल्या. मर्टलनं त्या स्वतःच्या हातानं जाळल्या.

ऑगस्टात शवॉन नावाची नर्स आली. शहरातून पाच माणसं आपल्या पायांनी घरी परतली. कंपनीनं वार्षिक अहवालात लिहिलं, 'आमच्या पुढाकारानं.' लिंडननं ते वाचून दाखवलं, तेव्हा मर्टलनं अशी शिवी हासडली की बाहेरची कुत्री उठून बसली.

अजूनही डॅरेननं हात हलवला तर ती पाठ फिरवते. शवॉन रजेवर गेली की यंत्र बंद पडतं आणि पाचही जणांना शहर गाठावं लागतं. नर्स देणं सरकारचं काम असलं तरी यंत्राचा शब्द कंपनीनं दिला होता, म्हणून दर सोमवारी मर्टल कंपनीच्याच कचेरीत फोन लावते. तिकडून कुणी नमस्कार म्हणायच्या आत विचारते, "दुसरी नर्स कधी पाठवताय?"