दिवाणाखालचं गुळाचं पाणी

माझ्या बायकोच्या हातांना फिनेल सोसत नाही आणि माझ्या डोक्याला रिकामा वेळ सोसत नाही.

भवानीनगरला माझं ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. साखर कारखान्याचा हंगाम संपला की रस्त्यावरचे ट्रॅक्टर नाहीसे होतात आणि मी मोबाईल बघत बसतो. त्या उन्हाळ्यात शबानाचे हात फार वाईट झाले होते. फरशी पुसली की लाल चट्टे, खाज, बोटांना भेगा. बारामतीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि फिनेल, ॲसिड बंद करायला सांगितलं. तिनं ते निमूट ऐकलं. मी मात्र पेटलो! (मी पेटलो की घरातली माणसं आधी एकमेकांकडं बघतात.)

मोबाईलवर एक बाई सांगत होत्या, लिंबा-मोसंब्याच्या साली, थोडा गूळ आणि पाणी कॅनमध्ये भरून काही महिने मुरवा, फरशी पुसायचं नैसर्गिक औषध तयार. थोडा गूळ? उसाच्या मुलखात राहून गुळाची कंजुषी? शेजारचे तात्या गुऱ्हाळावर कामाला होते. त्यांच्याकडून काळ्या गुळाची अख्खी ढेपच उचलली.

"एवढा कशाला?" तात्यांनी विचारलं.

"फरशी पुसायला."

"व्हय व्हय," तात्या डोळा मारून म्हणाले. "आमी न्हाय कुणाला सांगत."

कॅन ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला. "सैपाकघरात आणला तर मी अंथुर्ण्याला आईकडं चालले," शबानानं जाहीर केलं. म्हणून कॅन गेला बाहेरच्या खोलीत, दिवाणाखाली. रोज झाकण सैल करून आतला वायू सोडायचा, एवढंच काम. मी सोडायचो. फुस्स! आणि घरभर असा वास सुटायचा की अम्मी नाकाला ओढणी लावायची.

"या अल्ला! ह्यो वास मी वळखती. तुझा मामू ह्याच वासापायी गेला."

"अम्मी, हे नैसर्गिक आहे."

"त्योबी असंच म्हनायचा."

अशात माझ्या धाकट्या बहिणीला, रुबिनाला, बघायला कऱ्हाटीचे पाहुणे यायचं ठरलं. मुलाचा फोटो बघितल्यापासून रुबिना गुणगुणत फिरत होती. याआधी तिनं कुठल्याच फोटोला भीक घातली नव्हती! अडचण एकच, मुलाचे वडील गफूरचाचा. एका घरी खिडकीत तंबाखूची पुडी दिसली म्हणून हे गृहस्थ चहा न घेता उठले होते.

"भाई, हात जोडते, तेवढा कॅन बाहेर टाक," रुबिना म्हणाली.

"तू काळजीच करू नको!" मी म्हणालो. (हे वाक्य मी म्हटलं तेव्हाच तिनं काळजी करायला हवी होती.)

कॅन टाकायला जीव होईना. मग मी माझी कला पणाला लावली. झाकण पक्कं आवळलं आणि वरून ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन, दुहेरी, नायलॉनच्या दोऱ्यानं गच्च शिवून टाकलं. वासाचं नाव नाही! वायूनं आता जायचं कुठं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पाहुणे आले. गफूरचाचा पांढरेशुभ्र कपडे घालून नेमके दिवाणावर बसले. ऊन मी म्हणत होतं. दिवाणाखालून कट्... कट्... असा आवाज यायला लागला.

"उंदरं हायेत व्हय घरात?"

"नाही चाचा, दिवाण जुना आहे," मी म्हणालो.

रुबिना चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि धडाम! रेक्झिन फाटलं, कॅन फुटला, गफूरचाचा हातभर उडाले आणि परत बसले ते कमरेपर्यंत भिजूनच. मोसंबीची साल त्यांच्या टोपीवर. आणि तो वास! दारूच्या भट्टीवरही येत नसेल असा वास!

"चाचा, हे फरशी पुसायचं आहे!" मी ओरडलो.

"समदे कायतरी सांगत्यातच, बाळा."

ते निर्धोक आहे हे दाखवायला मी ओंजळभर पाणी तोंडाला, हातांना चोळलं. चामडी सोलल्यासारखी आग झाली, डोळे लालभडक. साधं पाणी शोधायला धावलो तो गुळाच्या चिकट्यावर घसरलो, झोकांड्या खात भिंतीवर आदळलो आणि जीभ चावली. आता बोलणंही बोबडं! लाल डोळे, झोकांड्या, बोबडी जीभ आणि तो वास. वर हे सगळं भर दुपारी, पाहुण्यांसमोर.

आवाज ऐकून तात्या धावत आले. "आरं, ह्ये रानात करायचं असतंय! घरात कुनी करतं व्हय?"

पाहुणे चहा न घेता गेले. रुबिनानं आतल्या खोलीची कडी लावून घेतली. तिचं रडणं ऐकून माझा जीव तुटत होता, पण समजूत घालायलाही मला कुणी दारापाशी जाऊ देईना. अम्मीनं बोलणं टाकलं. शबाना एवढंच म्हणाली, "माझे हात फाटले होते ते बरं होतं हो." तिच्या हातांचा प्रश्न तेव्हापासून मिटला, कारण फरशी मी पुसतो, नुसत्या गरम पाण्यानं. घरात असा सुतकी शुकशुकाट की मुंग्या तेवढ्या आनंदात होत्या.

मग एका सकाळी गफूरचाचांचा फोन आला. शबानानं स्पीकर लावला.

"पोरगी आमाला पैल्या नजरंतच पसंत पडली. सावकाश करनार हुतो. पन असल्या भावाच्या घरात तिला ठिवनं म्हंजी गुन्हा हाय. म्हैन्याच्या आत निकाह उरकू."

"चाचा, मी कधीच..." एवढंच म्हणालो, तोवर अम्मी, शबाना आणि रुबिना, तिघींचे हात माझ्या तोंडावर!

निकाहाच्या दिवशी गफूरचाचांनी भर मांडवात मला मिठी मारली. "सोडली का न्हाय, बाळा?"

समोर रुबिना बसली होती, नव्या कपड्यांत, डोळे मोठे करून माझ्याकडं बघत.

"सोडली, चाचा," मी म्हणालो.

आणि जी आयुष्यात कधी धरलीच नाही, ती सोडल्याबद्दल सगळ्या कऱ्हाटीसमोर शाल घालून माझा सत्कार झाला!