नव्या टायरची खांदशेकनी

त्या दिवशी तिथं होतो ते असे: मी, माहा लेक, माही नात, अन् नातीची लाल गाडी. सौंसरचा टायरवाला फोनवर होता, त्यालेबी धरा. सून माहेरी गेल्ती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं, म्हनून ती वाचली. बाकी गाव मंग आलं.

आम्ही तिगावचे. संत्र्याचा बगीचा हाय, थोडी कपाशी हाय. मालक गेले तवा लेक लहान होता. मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, संत्रे तोडले, डोक्यावर टोपले वाहले. कमर तवाच गेली. त्यात सांगासारखं काही नाही, आजूबाजूच्या सगळ्या बायायचं तसंच होतं.

नात नागपूरले कंपूटरच्या कंपनीत होती. कंपनीनं मानसं कमी केले, त्यात ती गेली. नौकरी सुटली की मानूस घरी बॅग आनते, हिनं गाडी आनली. कोनी तरी वापरून सोडलेली. दोनच सीटा, अन् जमिनीले इतकी चिपकून की आमच्या कोंबड्या तिच्याखालून न जाता चक्कर मारून जात.

लेक म्हने, "चार मानसं बसत नाही, संत्र्याचं एक कॅरेट जात नाही. काय कामाची हे?"

"पळते, बाबा."

"कोनाच्या मांगं?"

त्या दिवसापासून लेकानं गाडीले हात लावला नाही. अंगनात जागा अडली तरी बाजूनं जाये.

नागपूरच्या पल्याड गाड्या पळवाची एक पट्टी हाय. सडक नोहे ते, नुसती वळनं वळनं केलेली जागा. लोकं तिथं जोरात चालवाले शिकतात. तिथं शिकवनारं मानूस पाह्यजे होतं. नातीले म्हनले, आपली गाडी घेऊन या, चालवून दाखवा, बराबर वाटलं तं ठेवू. लेक म्हने, "नाही ठेवलं तं गाडी इकाची अन् पोरगी पाहाले पाव्हने येतीन तवा घरी राहाचं." नात म्हने, "बरं." दोघंही एकाच हट्टाचे. पोरीचं पुढचं सगळं त्या एका चालवन्यावर होतं.

अन् गाडीचे टायर घासले होते. म्हनून आम्ही सौंसरले गेलो. मी काहून गेली, तं मले डोळ्याचे थेंब घ्याचे होते. त्या गाडीत बसनं म्हंजे हिरीत उतरनं हाय. निघाले कोनाचा तरी हात लागते.

टायरवाल्यानं मोबाईलवर फोटो दाखवले.

"ताई, हा सडकेचा. लय दिवस जाते, आवाज नाही, पन जोरात वळवली की सरकते. हा पट्टीचा. पाहा, खाचाच नाही. तापला की गोंदावानी चिपकते. पन थंडा असला अन् पानी पडलं तं साबनावानी. अन् हा मधातला. रबर नरम हाय, पानी काढाले खाचाबी हायेत. जल्दी झिजते मात्र."

नातीचा डोळा पट्टीच्या टायरवरच होता. "सगळ्यात तेज हाच नं, भाऊ?"

"हाव. पन पट्टीपर्यंत गाडी उचलून नेनार काय?"

"चालवतच न्याची. अन् चालवतच आनाची."

"मंग? पोळ्याचे दिवस हायेत. सावनेरच्या इकडं तिकडं कुठंबी पानी भेटन."

मी म्हनलं, "आमचे मालक सडकेवर जाचं असलं की बैलाले नाल ठोकत, अन् चिखलात..."

"आजी, हे बैल नोहे," दोघंही एकदम म्हनले.

मी थेंब घालून डोळे झाकून बसली.

नातीनं लय येळ फोटो इकडचे तिकडं केले. मंग म्हने, "मले तिथं सगळ्यात जोरात पळाचं नाही. शिकवाचं हाय. दर वेळेस वळन सारखं घेता आलं पाह्यजे. मधातले द्या." टायर नागपूरहून आले, त्यानं बसवून देल्ले. म्हने, "नव्या टायरवर चिकना थर असते, आंधी सावकाश चालवा. हवा टायर थंडे असतानी पाहा. अन् चमकवाले वरून काही लावू नका." हे त्यानं नातीले सांगितलं. लेक तिथं नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठचे लोकं एकमेकायले गोटे मारतात. त्या दिवशी इकडच्या सडकेनं गाडी निघत नाही, अन् पट्टीवर त्याच दिवशी सकाळी बोलावलं होतं. म्हनून पोळ्याच्याच दिवशी निघाचं ठरलं. एकटी पोरगी कशी धाडाची, म्हनून संगं मी. लेक यायले तयार नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलाची खांदशेकनी राहते. हळद अन् तेल गरम कराचं, पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याले चोळाचं, अन् त्याले सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या घरी आता बैल नाही, टॅक्टर हाय. तरी लेक दर वर्षी टॅक्टरच्या चाकाले हळद-तेल लावते. टॅक्टरच्या टायरले कशानंच काही होत नाही. मी अन् नात आतमंधी पुरन वाटत होतो.

सकाळी निघालो. माह्या मांडीवर पुरनपोळ्यायचा डबा. देवळापाशी वळन हाय. नातीनं जोरात नाही घेतलं, खरं सांगते. पन गाडीचं तोंड वळलंच नाही. मंग मांगचं आंग वळलं. मंग सगळंच वळलं. आम्ही गोल फिरलो अन् कोनाच्या तरी तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर, घराकडं तोंड करून उभे राहिलो.

"आजी, लागलं काय?"

"नाही. आलो काय?"

नात खाली उतरली. टायरवर हात फिरवला. बोटं पिवळे निघाले. वास घेतला.

लोकं बैल धुवाले चालले होते, ते सगळे थांबले. एक म्हने, "पट्टी इथंच हाय काय वो?" शेजारीन म्हने, "बुढीले काहून पाळन्यावानी फिरवून राहिली?" मी डबा उघडून पाह्यला. पोळ्या बराबर होत्या.

लेक पळत आला. पोरगी धड हाय पाहून थांबला, मंग तिचे बोटं पाह्यले.

"बाबा, काय लावलं?"

"हळद-तेल."

"काहून?"

"खांदशेकनी होती नं."

"गाडीची?"

"टॅक्टरची करतोच. तुह्या गाडीले कसं सोडू? कामावर चालली होती." अन् वरून म्हने, "चांगलं रगडून लावलं. सगळीकडून."

"आवतनबी देल्लं?"

"देल्लं."

नात खाली बसली. रडते का हासते, मले दिसलं नाही. माह्या डोळ्यात थेंब होते.

तिनं टायरवाल्याले फोन लावला. दुकान बंद, त्याच्याकडंबी पोळा. कालपासून तेल हाय म्हनून सांगितलं. तो म्हने, "साबन अन् पानी. राकेल नको, पेट्रोल नको, ते रबर खाते. पांढरं कापड पांढरंच निघन तोपर्यंत घासा. मंग नख दाबून पाहा. रबर फुगलं असन, चिकट लागलं, तं गाडी घरी ठेवा. दुसरे टायर आज कुठंच भेटनार नाही."

लेक तवापर्यंत घरून राकेलची शिशी घेऊनच आला होता. ती त्यानं धुऱ्यावर ठेवली.

मंग त्यानं घासाले घेतलं. बैल धुवाचा ब्रश, बालटी, साबन. कोनाले हात लावू देल्ला नाही. गाडी जराशी पुढं ढकलाची, खालचा भाग वर आनाचा, पुन्हा घासाचं. वरून आभाळ आलं होतं. एक जन म्हने, "पाटील, शिंगं कवा रंगवता?" लेकानं मान वर केली नाही. पयले कापड पिवळं निघालं, मंग फिक्कं. मी घरून जुनं पांढरं पातळ आनून फाडून देल्लं. शेवटी ते पांढरं निघालं.

नातीनं चारही टायरले जागोजागी नख दाबलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, बैलबी उभे होते.

"घट्ट हाय," ती म्हने. मी डबा घेऊन पुन्हा गाडीत जाऊन बसली.

लेक म्हने, "माय, तू उतर. मी जातो संगं. पुन्हा सरकली तं माह्यानं सरकन."

मले दोघायनं ओढून काढलं. लेक आत बसला. गुडघे हनवटीले लागले. नात म्हने, "बाबा, बेल्ट." त्याले बेल्ट सापडे ना, तो तिनं लावून देल्ला. गाडी अशी सावकाश गेली की एक बैलजोडी गावाबाहेरपर्यंत त्यायच्या पुढं होती. पोळ्यायचा डबा मी खिडकीतून देल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकाचा फोन आला. तिकडं सकाळपासून पानी. बिनखाचाच्या टायरवाले शेडमंधी चहा पेत बसले. नातीनं जाताच तिथल्या साहेबाले सांगून टाकलं, टायरले तेल लागलं होतं, धुतलं हाय, तुमी पाहून घ्या. साहेब चिखलात बसून टायर पाहाले लागला. म्हने, तेल कोनी लावलं? लेक म्हने, मी. काहून? लेकानं पोळा सांगितला. साहेब दक्षिनेकडला, किती समजलं त्यालेच माहीत. पन चालवू देल्लं.

"कशी चालवली?" मी इचारलं.

"माय, मी संगं बसलो होतो. डोळे झाकले होते."

"मंग तुले काय माहीत?"

"उघडले तवा दर वेळेस पट्टीवरच होतो."

"अन् पुढं?"

"ठेवलं तिले," लेक म्हने. मंग फोनवर नुसता पान्याचा आवाज आला. 

आता ती तिथंच शिकवते. लोकं येतात, पोरगी पाहून दुसरं कोनी हाय काय म्हनून इचारतात, ती म्हने. वाचनाऱ्याले माहं इतकंच सांगनं हाय. तुमी कवा तिथं गाडी शिकाले गेले, तं तिच्या बाजूले बसा अन् तिचं आयका. ती ब्रेक म्हनन तवा ब्रेक मारा.