वांगणीचा मामा आणि विम्याचे साहेब

आता काय सांगू तुम्हाला माझं शहाणपण! लोकांची गाडी मोठमोठ्या प्रश्नांपाशी अडते. माझी अडली ती "तब्येत कशी आहे?" या साध्या प्रश्नापाशी. आणि एकदा नाही हो, दोनदा! दोन्ही वेळा उत्तर चुकलं, तेही उलटसुलट. चहा घ्या, सांगतो.

मी तेव्हा अंबरनाथला बुवापाड्यात आईबरोबर राहायचो. कारखान्यात पॅकिंगला होतो. एक दिवस खोकं उचलताना कमरेत अशी चमक भरली की खोकं तिथं आणि मीही तिथंच. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर पडून राहा, वजनाला हात लावायचा नाही.

कामगार विमा तेव्हा नुकताच आला होता बरं का. आजारी पडलात तर घरी बसून साधारण अर्धा पगार! चाळीत कुणाचा विश्वासच बसेना. आई म्हणाली, "वसंता, काम न करता कोण पैसे देतं रे? यात काहीतरी गोम आहे."

ती गोम काढली लछूभाईनं. हा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातला सिंधी, सायकलवरून पापड विकायचा. पापडाबरोबर बातम्या फुकट.

"साईं, संभालके! इन्स्पेक्टर घर पे आता है. कौन है, बोलता नहीं. काली टोपी, बगल में छत्री. मीठा मीठा पूछता है, तबियत कैसी है? हमारे कॅम्प में एक बीमार आदमी भजी तलते पकडा गया!"

झालं! माझी झोप उडाली. अहो, पाय मोडला असता तर प्लास्टर तरी दाखवलं असतं. कमरेचं दुखणं दाखवणार कसं? त्यात मी दिसायला हा असा गुटगुटीत. दुखणं खरं होतं, पण चेहरा साक्ष देईना. मग मी कण्हायची तालीम सुरू केली. आई भाकरी थापता थापता सूचना करायची, "अजून जरा पोटातून येऊ दे."

आणि याच दिवसांत माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगी वांगणीजवळच्या पाड्यावरची, यमुना. शिवमंदिराच्या जत्रेत मी तिला बांगडीवाल्याशी भांडताना पाहिलं होतं. काय भांडत होती! शेवटी बांगडीवाल्यानं हात जोडले. मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर मारुतीसारखा राहीन.

त्यांच्याकडची रीत अशी, की मुलीकडचं माणूस आधी गुपचूप येतं. कशाला आलो ते सांगत नाही. पाणी पितं, इकडचं तिकडचं बोलतं आणि मुलगा जोखून जातं. ही रीत मला चांगली ठाऊक होती. पण डोक्यात इन्स्पेक्टर ठाण मांडून बसलेला ना!

एका दुपारी आई नळावर गेली होती. दारात एक गृहस्थ उभे राहिले. काळी टोपी. बगलेत छत्री.

"वसंता तूच काय रं? तब्येत कशी हाय?"

मी लगेच आडवा! असा काही विव्हळलो की शेजारची मांजर कौलावर पळाली.

"कसली तब्येत, साहेब! पंचासुद्धा उचलवत नाही."

"अरं देवा! मंग कामावर कवा जानार?"

"डॉक्टरांना विचारा. मला तर काही भरवसा वाटत नाही."

"म्हंजे आयुष्यभर असाच?"

"असाच!" मी मोठ्या उमेदीनं म्हणालो.

गृहस्थांचा चेहरा पडला. पाणीही न पिता उठले. "जिवाला जप बाबा," म्हणाले आणि गेले. मी खूश! म्हटलं, वसंता, फत्ते झाली तुझी.

तेवढ्यात आई हंडा घेऊन आली. "काय रे, यमुनेचे वडील इतक्यात परतले? मीच नळावर त्यांना घर दाखवलं. काय म्हणाले?"

आता मी खराखुरा विव्हळलो. ऐकल्यावर आईनं कपाळावर हात मारला. "मेल्या! होणाऱ्या सासऱ्याला सांगितलंस, आयुष्यभर असाच राहणार म्हणून?"

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर यमुना, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी भांडतेय! मला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी आईनं वांगणीच्या दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, मुलगा बरा आहे, खात्री करायला यमुनेच्या मामांना पाठवा. त्या घरात मामांचा शब्द शेवटचा. मी मनाशी गाठ बांधली, मामांसमोर हूं की चूं करायचं नाही. इन्स्पेक्टर? कसला इन्स्पेक्टर! लछूभाईच्या गप्पा नुसत्या.

चौथ्या दिवशी सकाळी आई मामांना आणायला स्टेशनावर गेली. आणि इकडे दारात एक कोटवाले गृहस्थ हजर. मला वाटलं, आईची आणि मामांची चुकामूक झाली.

"वसंत आपणच ना? तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत!" मी टुणकन उठलो.

"अस्सं? पण कंबर दुखते म्हणे?"

"छे हो! परवाचं ते सगळं नाटक होतं!"

पाहुण्यांच्या भुवया टोपीला लागल्या. "नाटक? आणि कामावर कधी जाणार?"

"आत्ता म्हणाल तर आत्ता! थांबा, तुम्हाला दाखवतोच." कोपऱ्यात आईचा मसाला वाटायचा पाटा होता. मी वाकलो, पाटा धरला, "बघा हं मामा!" म्हणालो आणि उचलला...

गुडघ्यापर्यंत आला. मग कमरेत कट्‌ असा आवाज झाला. पाटा खाली आणि मी चार पायांवर! ना वर होता येईना, ना खाली. गृहस्थांनी पिशवी फेकली, मला काखेत धरून कसंबसं अंथरुणावर घातलं.

"अहो, मी कुणाचा मामा नाही! विम्याकडून आलोय!"

मी डोळे मिटून घेतले. पगार गेला, नोकरी गेली, यमुनाही गेली. सगळं एका पाट्यापायी!

तेवढ्यात आई आणि खरे मामा दारात. मी कण्हतोय, साहेब माझी कंबर चोळतायत. मी रडत रडत सगळी हकिगत सांगून टाकली. साहेब असे हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे सासऱ्यापुढं आजाराला फोडणी दिलीत, आणि माझ्यापुढं ठणठणीतपणाला! अहो, तुमचं तोंड बोललं ते जाऊ दे. कंबर बोलली ती मी कानांनी ऐकली. पडून राहा गपचूप. भत्ता चालू राहील."

मामा पुढे सरकले. "थांबा साहेब. हा असा पडून ऱ्हानार, आनि याला पैसं मिळनार?"

"मिळणार. बरा होईपर्यंत. अर्धा पगार."

"दवापानी?"

"तेही."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आमी लावनीत आजारी पडलो तं पेजसुदीक कुनी आनून देत नाय. आनि ह्यो पडला तरी चूल पेटती?" मग आईकडे वळले. "ताई, पोरगी दिली! साखर काढा."

साखर आधी साहेबांनीच खाल्ली. लग्नालाही आले. मला पाया पडायला वाकता येत नव्हतं, तर सासरे मांडवभर अभिमानानं सांगत फिरत होते, "जावई वाकत नाय, पर त्याचा पगार येतो!"

कंबर पुढे छान बरी झाली हो. नोकरी पुरी करून सुखरूप रिटायर झालो. पण आजही हंडा उचलायच्या वेळी मी जरासं "आई गं" म्हटलं, की यमुनाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहतात.

"तब्येत कशी आहे? तो पाटा आणू का?"

आणि मी मुकाट्यानं हंडा उचलतो. विम्याचे साहेब एकदाच येऊन गेले हो. इन्स्पेक्टर मात्र मी वाजतगाजत, वरात काढून घरी आणला!