नॉर्बर्टच्या अर्ध्या डॉलरवरची बाई

नॉर्बर्ट वॉयटाचा नाण्यांशिवाय कशावरच विश्वास नव्हता, आणि नाण्यावरसुद्धा भिंग लावल्याशिवाय नव्हता. विमा कंपनीसाठी लोकांचे दावे तपासण्यात उभा जन्म गेला त्याचा. अमेरिकेतल्या त्याच्या मॅनिटोवॉक गावात कुणाचा गोठा जळाला की हा आधी राख बघायचा, मग मालकाचं तोंड. निवृत्त झाला, पण खोड कुठली जातेय! शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीचं जेवण असायचं, तिथेही तुकडा उलटा करून बघायचा. त्याची बायको डोरीन वैतागून म्हणायची, "अरे, मेलाय तो मासा. तो कसला खोटं बोलतोय?"

जीव होता तो जुन्या नाण्यांवर. त्यातही चांदीच्या एका अर्ध्या डॉलरवर. अंगाभोवती झेंडा लपेटून, हात पुढे करून, उगवत्या सूर्याकडे ताडताड निघालेली बाई. त्याच्याकडचं नाणं १९४१चं. दुर्मीळ वगैरे नव्हे, पण इतकं कोरं की बाईच्या हाताचा अंगठासुद्धा वेगळा दिसावा.

"ह्याला म्हणतात नाणं," तो म्हणायचा. "पुढे मेल्यांनी पुढाऱ्यांची मुंडकी छापली. मुंडकं कधी कुठे चालत गेलंय?"

"तुझी बाई नटवी आहे," क्लीटस ब्रांट त्याला डिवचायचा. हा त्याचा जुना दोस्त, पाच सेंटच्या नाण्यावरच्या रानगव्याचा भक्त. "माझा गवा बघ. झेंडा नाही, सूर्य नाही. नुसता उभा आहे, तरी भारदस्त!"

नाणेवाल्यांच्या मंडळात दर मंगळवारी हाच वाद, आणि दोघांचाही आठवडा त्यावरच निघायचा.

एका हिवाळ्याच्या शेवटी क्लीटस घरी आला होता. बाईचं नाणं कडेने धरून त्याने खिडकीपाशी नेलं. नॉर्बर्ट कॉफी आणायला आत गेला, एवढंच. पुढे डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तिच्या उठबशीत उन्हाळा गेला, नाण्यांचा डबा उघडायला त्याला सवड झाली नाही. पानगळीत त्याने उघडला आणि भिंग लावलं. साल तेच, नाणं दुसरं. अंगठा गायब, चेहरा सपाट, पुढे टाकलेला पाय झिजून झग्यात मिसळलेला.

शेवटचा हात कुणाचा? क्लीटसचा. झालं! डोरीनवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, तिला नाण्यातलं काय कळतंय? पुढचे दोन मंगळवार तो क्लीटसचं तोंड निरखत बसला. क्लीटस हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. तिसऱ्या मंगळवारी सगळ्यांदेखत म्हणाला, "क्लीटस, माझं नाणं बदललंस तू. खिसे दाखव."

क्लीटस लालबुंद झाला. त्याने टेबलावर खिसे रिकामे केले. किल्ल्या, रुमाल, खोकल्याची गोळी. मग कोट उचलला आणि गेला. तो मंडळात परत फिरकला नाही.

"क्लीटस येत नाही रे हल्ली?" डोरीन विचारायची.

"सर्दी झालीय त्याला."

नाताळाच्या आधी एकदा डोरीन अंगणातल्या पायऱ्या उतरत होती. एका हातात काठी, दुसऱ्याची मूठ घट्ट.

"मुठीत काय आहे?" नॉर्बर्टने विचारलं. त्याच सुरात, ज्या सुरात गोठेवाल्यांना विचारायचा.

तिने मूठ उघडली. चालणारी बाई! अंगठा घासून गेलेला, गुडघा चकचकीत झालेला.

"तू घेतलंस?"

"बदलून घेतलं. माझ्याकडे बाबांचं तसलंच नाणं होतं, ते ठेवलं की डब्यात. साल जुळवून ठेवलं हं! आधी साल बघावं, तूच सांगतोस ना?"

"पण कशाला, डोरीन?"

"बाबांच्या नाण्यातल्या बाईला पायच उरला नाही रे. मला चालायचं होतं. हिचा पाय बघायचा नि माझा टाकायचा." मग त्याचा चेहरा बघून ती घाबरली. "का रे? फार बिघडलं का?"

नाण्याचं दुःख त्याला क्षणभरसुद्धा झालं नाही. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच ते नाणं घेऊन तो क्लीटसच्या घरी गेला. सगळं सांगितलं, माफी मागितली, नाणं पुढे केलं. "हे बघ, खरंच तेच आहे."

क्लीटसने दोन्ही हात पाठीमागे नेले. "टेबलावर ठेव. तुझ्या वस्तूला मी हात लावत नाही."

ठेवलं. क्लीटसने वाकून, लांबूनच पाहिलं. "अंगठा गेला," एवढंच म्हणाला. नॉर्बर्टने नाणं उचललं आणि दाराकडे वळला.

"नॉर्बर्ट."

तो आशेने थांबला.

"खिसे दाखवून जा."

नॉर्बर्टने दोन्ही खिसे उलटे केले. क्लीटस थट्टा करत होता की नव्हता, ते जन्मभर लोकांची तोंडं वाचलेल्या त्या माणसाला अजून कळलेलं नाही.