जांभळावरचं नेट

आमच्या बेटावरचं सगळं इंटरनेट माझ्या हातात आहे! म्हणजे दोरी माझ्या हातात आहे. बाकी त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. शाळा तिसरीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा.

इगतपुरीकडचं धरण भरलं की आमच्या वाडीच्या चारी बाजूंनी पाणी होतं. अठरा घरं, एक शाळा, शहरी पाहुण्यांसाठी चार तंबू. एवढ्याशा जागेत माणूस पळून पळून जाणार कुठे? म्हणून किस्से साठत राहतात, धरणाच्या तळाशी गाळ साठतो तसे.

रेंज येते ती फक्त जांभळाच्या शेंड्याला. मग आम्ही शेंड्याला कप्पी बांधली, दोरीला टोपली अडकवली. एकाचा फोन हॉटस्पॉट चालू करून टोपलीतून वर चढवायचा, बाकीच्यांनी खाली बसून नेट वापरायचं. शेताला पाणी द्यायच्या पाळ्या असतात ना, तशा फोनच्या पाळ्या. दोरी ओढणारा मात्र रोज मीच, बाकीच्यांचे हात दुखतात म्हणे.

शुक्रवार माझ्या फोनचा. आणि शुक्रवारी पासवर्डही माझा! दर शुक्रवारी मी तो बदलतो आणि हात जोडल्याशिवाय कुणाला सांगत नाही.

*

एका शुक्रवारी आमच्या गुरुजींना ऑनलाइन हजेरी पाठवायची घाई.

"तात्या, पासवर्ड सांगा हो."

"आधी एकोणतीसचा पाढा."

"अहो, पोरं बघतायत!"

"म्हणूनच!"

एकोणतीस सत्तेला गुरुजींची गाडी घाटात बंद पडली. चौथीतल्या एका पोरीने ढकलली, "दोनशे तीन, गुरुजी!"

मला कुठे येतो एकोणतीसचा? पण परीक्षा घेणाऱ्याला यावाच लागतो असं कुठे आहे!

*

आमच्या मंडळींना पेठला बहिणीशी व्हिडिओ कॉल करायचा होता. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण बाईने माझं नाव कधी घेतलं नाही. "ओ" आणि "ऐकलं का" यावर संसार झाला. म्हटलं, आज उखाणा, तरच पासवर्ड!

पदर सावरून म्हणाली,

"धरणाच्या पाण्यात होडी हलते-डुलते,
सोपानरावांचं नाव घेते, नेटसाठी काहीपण चालते!"

अख्खी वाडी हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

*

मग यंदाचा परतीचा पाऊस. मंगळवारी संध्याकाळी वीज अशी कडाडली की गुरुजींनी आपल्याच ओटीवर कॉटखाली उडी घेतली, कुत्र्याच्या आधी! पलीकडच्या डोंगरावरचा टॉवर गेला. वारा असा की होडी सोडायची सोय नाही, आणि सोडून पलीकडे गेलो तरी तिथेही नेट नाहीच.

तंबूत पंचवटीचे एक साहेब उतरले होते. चार दिवस मोबाईल सोडून निसर्गात राहायला आलेले. फोन स्वतःच्या हाताने मॅनेजरच्या पेटीत ठेवलेला. नेट गेल्याचं कळलं तसे भिजत धावत आले.

"पेटी उघडा!"

मॅनेजर म्हणाला, "साहेब, तुम्ही मोबाईल सोडायलाच आलात ना?"

"आम्ही त्याला सोडणं वेगळं, त्याने आम्हाला सोडणं वेगळं!"

मग बुधवारी दिवसभर फोन आकाशाकडे धरून जांभळाला प्रदक्षिणा. मी मागून घंटा वाजवली, शाळेची.

*

गुरुवारी मी भर पावसात ओरडलो, "आलं! आलं!"

सगळी वाडी फोन घेऊन चिखलातून पळत आली. "काय आलं, तात्या?"

"गार वारं!"

सगळ्यांनी शिव्या घातल्या. माझी नात मनीषा तेवढी पुन्हा फोनकडे बघत बसली. तिला नाशिकला नर्सिंगची सीट लागली होती. आमच्या बेटावरून इतकं शिकायला जाणारी पहिलीच पोर. शुक्रवारी पाचच्या आत मोबाईलवर 'कन्फर्म' दाबायचं, नाहीतर सीट दुसऱ्याला. ती जांभळाखाली इरलं पांघरून बसली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण दोनच भाकरी.

*

शुक्रवारी दुपारी पाऊस थांबला. मी नवा पासवर्ड टाकला, फोन पिशवीत गुंडाळून वर चढवला. साडेचारला गुरुजी ओरडले, "टॉवर आला!" या वेळी खरंच आला होता.

मनीषा हात जोडून समोर. "आजोबा, पासवर्ड."

आणि माझ्या डोक्यात फक्त ढगांचा गडगडाट! दुपारी टाकलेला आकडा साफ पुसलेला. वेळ काढायला म्हटलं, "आधी एकोणतीसचा पाढा."

पोरीने फोनवरची नजर न काढता, अंगठा चालवत, एका दमात दोनशे नव्वदपर्यंत म्हणून टाकला.

"आता?"

फोन खाली घेऊन आकडा बघावा म्हणून दोरी ओढली. काथ्या पावसाने फुगलेला, कप्पीत घट्ट अडकला. पाचला वीस मिनिटं कमी.

"मनीषा," मी म्हटलं, "पासवर्ड विसरलो गं."

आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो, तर सगळे खो खो हसले!

मग धोतराचा काचा मारला आणि चढलो जांभळावर. वय बहात्तर, बुंधा शेवाळलेला, इगतपुरीकडे पुन्हा वीज चमकलेली. खालून म्हातारी ओरडतेय, "ओ, उतरा! जांभळाची फांदी लय कच्ची!" पहिल्या बेचक्याला पोचलो आणि पुढे जाता येईना, मागेही येता येईना.

"आजोबा, उतरा," मनीषा म्हणाली. "पाढा संपायच्या आत कन्फर्म झालंय."

"पासवर्डशिवाय?"

"तुम्ही दर शुक्रवारी नवा टाकता, पण 'सेव्ह' कधी दाबलंय का? पहिल्या दिवशी मी सेट केलेला, तोच आहे अजून. सगळ्या वाडीला पाठ आहे."

मी बेचक्यातूनच खाली बघितलं. गुरुजी ढगांकडे बघत होते. म्हातारीने तोंडाला पदर लावलेला.

"मग दर शुक्रवारी हे हात जोडणं, पाढे, उखाणे... हे कशासाठी?"

मनीषाने ओढणीने फोन पुसला.

"दोरी ओढायला कुणीतरी लागतं ना, आजोबा!"