सावर्ड्यात मुलीला विचारलं तेव्हा

दापोलीहून निघालेली आमची एस.टी. खेडच्या अलीकडे बंद पडली आणि माझी सोबतीण खूश झाली. लिन कोकणातली भातशेती बघायला चीनहून आली होती. मी पुण्यात चिनी शिकवते, म्हणून तिची दुभाषी. कंडक्टर घाम पुसत होता, प्रवासी डेपोच्या नावानं बोटं मोडत होते आणि ही बया शेतात उतरून कापलेल्या भाताचे बुंधे उपटून बघत होती. २००६ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

दुसरी गाडी मिळून सावर्ड्याला पोचेपर्यंत दुपार कलली. तिथे माझ्या मावसभावाकडे, दादाकडे, आमचा मुक्काम होता. खळं (अंगण) ताजं सारवलेलं, पडवीत चादरी अंथरलेल्या. दादाच्या मुलीला, स्मिताला, बघायला पाहुणे येणार होते आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही टपकलो होतो.

“बरं झालं आलांत,” दादा म्हणाला. “चीनची पाहुणी आपल्या घरी! छाप पडेल हो.”

वहिनीनं घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढे केला. लिननं तो वाटी तोंडाला लावून पिऊन टाकला. वहिनी बेहद्द खूश.

मागल्या दारी आमच्या हातांवर पाणी घालायला स्मिता आली. लिनकडे बघत हळूच म्हणाली, “आत्या, यांच्यात लग्न कोण ठरवतं?”

“ज्याचं तो,” मी विचारल्यावर लिननं सांगितलं.

स्मिताचा चेहरा उजळला. मुलगा वाईट नव्हता, मुंबईत नोकरीला होता. पण हिला आधी दापोलीला राहून एम.एस्सी. करायचं होतं.

“दादाला सांगितलंस?” मी विचारलं.

“बाबा मला विचारल्याशिवाय होकार देणार नाहीत. विचारलं की सांगेन.”

पाहुणे आले, पण मुलगी बघायची सोडून लिनलाच बघत बसले. मुलाच्या मावशीला तर राहवेना. “यांचं लग्न झालंय?”

नाही, म्हणून मी सांगितलं.

“मग आईबाप बघत नाहीत?”

लिन हसली. म्हणाली, आई दर रविवारी शहरातल्या बागेत जाते. तिथे आईबाप आपल्या मुलामुलींची माहिती कागदावर लिहून लावतात आणि आपसांत बोलणी करतात.

“अगो बाई! म्हणजे फिरून आमच्यासारखंच झालं की!” मावशी म्हणाल्या.

दादाला ते लागलं असावं. “आमच्याकडे आता मुलीला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. सांग हो त्यांना,” तो मला म्हणाला, आणि सगळ्यांदेखत आत वळून बोलला, “स्मिता, पसंत आहे ना गो तुला?”

स्मिता पोह्यांचा रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. मुलगा, त्याची आई, मावशी, काका आणि एक चिनी बाई, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“हो,” ती म्हणाली.

काय विचारलं म्हणून लिननं मला विचारलं. मी सांगितलं. तिनं बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी चिपळूण स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. लिन आपणहून बोलू लागली. कॉलेजात तिला एक जण आवडायचा. कुणाची आडकाठी नव्हती. आधी नोकरी, मग बदली, पुढच्या वर्षी बघू, असं करता करता त्यानं दुसरीशी लग्न केलं. मग ती आजीबद्दल बोलली. आजीला लहानपणीच सासरी नेऊन ठेवलं होतं. पुढे नवा कायदा आला. लग्न स्वखुशीचं आहे असं दोघांनी कचेरीत जाऊन सांगायचं. साहेबानं आजीला विचारलं तेव्हा, जिच्या हातचं खाऊन ती वाढली होती ती सासू शेजारीच उभी होती. आजी हो म्हणाली.

“कायद्याच्या आधी लग्न झालेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं,” लिन म्हणाली. “त्या एकत्र बसून आईबापांना शिव्या घालायच्या, रडायच्या. आजीला त्यात बसू देत नसत.”

वैशाखात मी स्मिताच्या लग्नाला गेले. भेटेल त्याला दादा सांगत होता, “मुलीला विचारून ठरवलंय हो.” पाठवणीच्या वेळी स्मिता माझ्या गळ्यात पडली. तिचं रडणं थांबेना, तेव्हा दादा घाबराघुबरा झाला.

“काय गो हे? तुझ्या मनाविरुद्ध केलं काय आम्ही काही?”

स्मितानं मान हलवली. नाही.

पुण्याच्या वाटेवर कुंभार्ली घाट चढताना मला दादाचा राग आणायचा होता, पण येईना. तो मनापासून बोलत होता. त्यानं जबरदस्ती केली असती तर फार बरं झालं असतं. पोरीला निदान बापावर रागावता तरी आलं असतं.